पांढरं लागलं होतं

पूर्णगड
१९ ऑक्टोबर १९५८

बिल्किस,

हे अक्षर तू ओळखणार नाहीस. कशी ओळखशील, ते जगात येऊनच जेमतेम चार महिने झालेत. गो, हे माझं अक्षर आहे! यमुनेचं! जिला तू कोळशाने भिंतीवर मासा काढायला शिकवलास आणि जिने मांजर काढलं, तिचं!

ळ काढताना अजून जिलबी होते, पण मालन म्हणते, चालेल आजी, कळतंय. मालन म्हणजे माझ्या सखारामाची मुलगी. तुम्ही गाव सोडलात तेव्हा टोपलीत मावत होती, आता दारात उभी राहिली की उजेड अडतो. सातवी पास झाली आणि शिकवायला दुसरं कुणी मिळेना म्हणून मला धरलं. पहिलं काय लिहिलं सांगू? माझं नाव. मग ह्यांचं. हे असते तर हसून हसून खोकला आला असता. हे गेले गो, शिमग्याला तीन वर्षं होतील. तुला कळवणार कोण? मला येत नव्हतं, आणि दुसऱ्याकडून लिहून घेतलं की पत्र पोचायच्या आधी गावाला पाठ.

मालन म्हणाली, वर वि. वि. घाल. म्हटलं त्याचा अर्थ काय? तिलाही सांगता येईना. मग कशाला घालायचं? भाजीत न ओळखता पाला घालतात का कुणी?

इकडे सगळं आहे तसं. बांगडा उशिरा आला. तुझ्या परसातला फणस अजून धरतो, पण गरे पिळपिळीत. बाबल्या आहे. तुझ्या मुसाच्या गलबतावरून एकटा पोहत आला, तोच. जाळी विणतो, कुणी वाढलं तर जेवतो. पोरं मागून ओरडतात, "बाबल्या, पांढरं लागलं रे!" की हातातलं टाकून किल्ल्याकडे धावतो. परवा एका पोराला मी खराट्याने झोडला.

मालनला पांढरं म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, बाय, खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. तो वर आला की तुझे आजोबा बुरुजावर पांढरं कापड लावायचे. समुद्रातून येणाऱ्याने ते बघितलं की आत शिरायचं नाही, बाहेर नांगर टाकून भरतीची वाट बघायची. बुरुज मोकळा असला की बेधडक आत. ती म्हणाली, मग ते गेलं कुठे? म्हटलं, लढाईत गेलं.

तुझा पत्ता गनीच्या घरून घेतला. तुझं नाव काढल्यावर त्याची बायको गप्पच झाली. का गो? मुसाची इशरत केवढी झाली? सगळं लिही. मला आता वाचता येतं!

तुझी
यमुना


राजापूर
२ नोव्हेंबर १९५८

यमुनाबाईस बिल्किसचा सलाम.

लिहिणारी इशरत. मी कुराण वाचते, पण ही अक्षरं मला येत नाहीत, हे तू विसरली नसशील. मी सांगते तसं ती लिहिते.

काशीरामभाऊ गेला, वाईट झालं. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. तो खरं बोलला म्हणूनच आमचं घर उठलं. राग म्हणून नाही लिहीत, झालं ते लिहिते. पाण्याखालून येणाऱ्या त्या बोटीने माझ्या मुसाचं गलबत फोडलं, त्याच्यासकट चौघे गेले. संध्याकाळी पुळणीच्या वाळूवर सगळ्या गावाने काशीरामभाऊला विचारलं, बुरुजावर पांढरं होतं? तो म्हणाला, नव्हतं, सरकारी माणसाने मना केल्यापासून मी लावलेलंच नाही. झालं. मग दांडा खाली, वारा बरा, दिवसाउजेडी मुसा बाहेर नांगर टाकून कुणाची वाट बघत होता? दुश्मनाची. मुसा फितूर. बाबल्या ओरडून सांगत होता, पांढरं होतं, मी डोळ्यांनी बघितलं. लोक म्हणाले, भेदरलाय, बरळतोय.

गनीच्या घरचे का गप्प झाले विचारतेस. त्याच्या युसुफने इशरतला मागणी घातली आहे. पोरगा चांगला, दोन मचवे घरचे. सगळं ठरत आलं आणि गनीचे चुलते म्हणाले, फितुराची पोर घरात आणणार काय? रमजानच्या आधी हो की नाही कळवतो म्हणालेत. नाही आलं तर हिला किनाऱ्यावर दुसरं कुणी विचारणार नाही.

एकच विचारते. काशीरामभाऊ जाताना काही बोलला का? माणूस विसरतो. चुकून लावलं असेल आणि विसरला असेल. तुला ठाऊक असेल ते लिही. बाकी काही नको.

बिल्किस


पूर्णगड
१६ नोव्हेंबर १९५८

बिल्किस,

तुझं पत्र मी स्वतः वाचलं! दोन जागी अडले, तेवढंच. दिवाळीत मालनने दारात रांगोळीने माझं नाव काढलं, येणारे जाणारे म्हणाले, यमुनाबाई, आता कोर्टात जा वकिली करायला.

मालनसारखी पोर देवाने सगळ्यांना द्यावी. आमच्या सुनेची, सावित्रीची, तीन गेली, एकही रडलं नाही. ही चौथी. ही रडली ती अशी की खाडीपलीकडे ऐकू गेलं असेल. लोकांना लढाई म्हटलं की तोफा आठवतात, मला हिचं रडणं आठवतं. काय दिवस होते गो! तो खाकीतला माणूस आठवतो? म्हणाला, दिवा लावू नका, पांढरं काही बाहेर ठेवू नका, दुश्मनाला दिसेल. आनंदीबाईने आपलं पांढरं रेडकू राखेने माखलं. आणि त्या बोटीचा तिसरा गोळा, जो माडांत पडला, त्याने तिचीच म्हैस आणि तेच रेडकू मारलं. मग गाव पळालं. आनंदीबाई डोक्यावर पाटा-वरवंटा घेऊन दोन कोस चालली आणि पोर अंगणातच विसरली! ती शेजारणीने आणली. आम्ही देवरूखला एका गोठ्यात तीन महिने. मालन दोन दिवसांची, टोपलीत. मागे खोपी ओस, मासळीला घेणारं नाही, होड्या पुळणीवर सुकून तडकलेल्या. परत आलो तेव्हा चुलीत घुशींनी बिळं केलेली. तुम्ही त्याआधीच राजापूरच्या वाटेला लागला होतात. निरोप घ्यायचा राहिला.

हे जाताना काही बोलले नाहीत, घशात कफ होता. आणि ह्यांनी लावलं नव्हतं हे अगदी खरं.

इशरतसाठी समुद्रावरचंच घर कशाला हवं? देवरूखला तुमच्यातले कापडवाले आहेत, भले लोक. सांगशील तर विचारते. सोबत कोकम पाठवते आहे, यंदाचं आहे.

तुझी
यमुना


राजापूर
७ डिसेंबर १९५८

यमुनाबाई,

कोकम पोचलं. देवरूखचं घर तुझ्याकडेच ठेव. मी विचारलं काय आणि तू सांगितलंस काय? माझा मुलगा मेला त्या दिवसांतलं तुला रेडकाचं हसू येतं, मला येत नाही.

बिल्किस

यमुनाआजी, हे खालचं माझं मी लिहिते. दादीला वाचता येत नाही, तिला सांगणार नाही. मी दीड वर्षाची होते, मला अब्बा आठवत नाहीत. लोक म्हणतात ते खरं असेल तर तसं लिहा. मी ते घेऊन राहीन, युसुफला स्वतः नाही कळवीन. पण नीट लिहा. तुम्ही आनंदीबाईच्या पाट्यावर अर्धं पान लिहिलंत आणि पांढऱ्यावर दीड ओळ. आमच्या शाळेतले मास्तर म्हणायचे, जिथे पोरगं काही लपवतं तिथे अक्षर बारीक होतं. तुमची ती दीड ओळ बारीक आहे.

इशरत


पूर्णगड
४ जानेवारी १९५९

बिल्किस, आणि पोरी, तू पण,

बाबल्या गेला.

हे पत्र मालनने बघितलेलं नाही, तेव्हा चुका माझ्या. तीन दिवस लिहिते आहे. मध्ये उठते, गाईला पेंढा घालते, परत बसते. गाय पण म्हणत असेल, हिला आज झालंय काय.

गेल्या आठवड्यात दुपारी पोरं ओरडली, तो धावला, किल्ल्याच्या पायरीवर उलटा पडला. मी जवळच शेण्या थापत होते. डोकं मांडीवर घेतलं, तोंडात पाणी घातलं. म्हणाला, "काकी, लागलं होतं." मी म्हटलं, "होय रे बाबा, लागलं होतं." सोळा वर्षांत त्याला होय म्हणणारी मी पहिली. तो असा बघायला लागला माझ्याकडे. काहीतरी विचारायचं होतं त्याला. मग राहिलं.

ते मी लावलं होतं, बिल्किस. लावलं नाही गो, वाळत घातलं.

त्या दिवशी सकाळी मालन झाली. तीन गेल्यावर चौथी, आणि रडली. आनंदाने मला काही सुचेना, हसत होते, भांडी आपटत होते. पोरीला गुंडाळायला मऊ कापड नाही. लढाईत कापड मिळत होतं कुठे? पेटीत पांढरं होतं. मांजरपाटाचं, आठ हात, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं, चार कोपऱ्यांना पितळी कड्या. म्हटलं सरकारने मना केलंय, आता हे लागणार कशाला, बाळंती होतील. विहिरीवर धुतलं. अंगणात माडांची सावली, ऊन फक्त बुरुजावर. तिथे गेले आणि हात नेहमी जायचे तिथेच गेले. ह्यांच्याबरोबर वीस वर्षं मीच तर दुसरं टोक धरत होते. वाऱ्याने उडू नये म्हणून कड्या समुद्राकडच्या खुंट्यांना अडकवल्या, गावातून त्या दिसत नाहीत, आणि खाली येऊन पोरीला मध चाटवला.

मुसा महिन्याने मलबारातून कौलांचं गलबत हाकत येत होता. त्याला मनाई कुठून कळणार? त्याने बुरुज बघितला आणि बापाने, आज्याने शिकवलं तेच केलं. नांगर टाकला. चांगला तांडेल होता म्हणून मेला. आडमुठा असता तर आत आला असता.

पहिला गोळा वाजला तेव्हाही मला कळलं नाही. दुसऱ्याला आठवलं. धावत वर गेले. गलबत तिथून हातावर असल्यासारखं दिसत होतं, अर्धं. कापड ओढून काढलं. कुणी बघितलं नाही, सगळे पुळणीकडे धावले होते, हे होडी घालून माणसं वेचायला गेले होते. संध्याकाळी ह्यांना विचारलं, हे म्हणाले नव्हतं. ह्यांना जेवढं ठाऊक तेवढं खरं बोलले. मी चुलीपुढे बसून त्या कापडाचे चौकोन फाडत होते. मालन त्याच्यावर वाढली. ह्यांना मी कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याच पावली गावाला सांगून आले असते, असा माणूस.

मी मनाशी म्हणायची, मला लिहिता येत नाही, तर बिल्किसला कळवू कशी? ते कारण मालनने पाटी आणून काढून घेतलं. तरी दोन पत्रं मी तुला फणस आणि रेडकू लिहिलं.

आता काय लिहू. अक्षर बारीक नको म्हणून मोठं काढलंय.

यमुना


राजापूर
२५ जानेवारी १९५९

यमुनाआजी,

पत्र आलं ते मी आठ दिवस दादीला वाचून दाखवलं नाही. उशाखाली ठेवलं. नवव्या दिवशी ती म्हणाली, तुझ्या उशीला काय टोचतंय की झोपत नाहीस? मग वाचलं.

मध्ये एकदाच थांबवलं. म्हणाली, परत वाच. मी विचारलं कुठलं? "चांगला तांडेल होता" ते. तीनदा वाचायला लावलं. मग उठली, वजू केलं, नमाज पढली. काल दुपारी तांदूळ निवडताना म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते:

"तिला लिही, मला सांगून काय मोठं केलंस? माझा मुसा कसा होता ते मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना जाऊन सांग. पत्रात रडायला कुणी पण रडेल."

मी तुमच्यावर रागावले आहे की नाही ते मला अजून कळत नाही. पण बाबल्याचाचाला तुम्ही होय म्हणालात, ते बरं केलंत.

इशरत


पूर्णगड
१२ फेब्रुवारी १९५९

बिल्किस,

सांगितलं.

सकाळी मासळीचा लिलाव चालतो तेव्हा सगळं गाव पुळणीवर असतं. सुरमईचा ढीग लागला होता, बोली चालली होती. मी मध्ये जाऊन उभी राहिले. लिलाववाला म्हणाला, "आजी, बोली लावायची असेल तर लाव, नाहीतर बाजूला हो." मी म्हटलं, "मेल्या, सोळा वर्षांची बोली आहे, गप उभा राहा." आणि सांगितलं. पहिल्यापासून. मधेच मधाचं पण सांगितलं, नको होतं ते.

मग एकजण हसला. म्हणाला, बाबल्या मेला आणि हिच्या अंगात आला. सगळे हसायला लागले गो! काशीरामभाऊ पांढरं नव्हतं म्हणाले, काशीराम खोटा काय? म्हातारपणी घोवाला खोटा पाडते! मी उभी. मला बाबल्याच दिसत होता.

तेव्हा मी ओच्यातून काढलं. सगळ्या कापडाची बाळंती झाली, पण एक कोपरा मी फाडला नव्हता. फाडवला नाही. पितळी कडीसकट पेटीत तळाशी होता. तो गनीच्या हातात दिला. त्या कड्या त्याच्या बापाने ओतल्या होत्या, आतून त्याची चांदणीची खूण असायची. गनीने कडी उलटी केली. बोटाने पुसली. मग चुलत्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "मुसाला फितूर म्हणणारा पहिला मी होतो." आणि सुरमई तिथेच टाकून घरी गेला. मागून एकेकजण गेला. लिलाव मोडला. मासे दुपारपर्यंत उन्हात पडले होते, मांजरांची दिवाळी.

सखारामाचं मुंबईहून पत्र आलं, बापाचं नाव का मातीत घातलंस. ते पण मीच वाचलं. वाचता येणं नेहमी बरं नसतं. मालनने विचारलं, "आजी, मी झाले म्हणून झालं ना हे?" मी म्हटलं, "नाही बाय, मी आंधळी झाले म्हणून झालं." तिला पटलं नाही. पाटी माळ्यावर टाकली. यंदा सोळा पुरी झाली, वाढदिवसाला गोड करू दिलं नाही.

पोरं आता माझ्या मागे ओरडतात, "आजी, पांढरं लागलं!" मी थांबून सांगते, "लागलं होतं रे. मीच लावलं होतं." मग ती पळतात. बाबल्या कधी थांबत नव्हता, म्हणून त्यांना मजा यायची.

गनी तुझ्याकडे यायला निघालाय. दार उघड.

यमुना


राजापूर
२४ फेब्रुवारी १९५९

यमुनाबाईस बिल्किसचा सलाम.

गनी आला होता. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, आत ये म्हटलं तेव्हा आला. निकाह ठरला, ६ मार्च, शुक्रवार, इथेच. शनिवारी जैतापूरहून गनीच्या मचव्याने आम्ही पूर्णगडला येऊ. इशरत म्हणाली एसटीने जाऊ. मी म्हटलं, नाही. तुझा बापूस खाडीच्या ज्या तोंडाने आत आला नाही, त्या तोंडाने तू आत जायचं.

मी तुझ्या घरी पाणी पिणार नाही. ते आता माझ्याने व्हायचं नाही. तुला वाईट वाटेल, वाटू दे.

पण दांड्याचं आता कोण बघतं तिथे? गनी म्हणतो, कुणीच नाही, अंदाजाने शिरतात. मचव्यात पोर असणार. मला घोर लागलाय.

बिल्किस


पूर्णगड
३ मार्च १९५९

बिल्किस,

घोर करू नको. काल ओहोटीला काठी घेऊन मी दांड्यावर कमरेएवढ्या पाण्यात जाऊन आले. हे जायचे तसे. लोक बघत होते, बघू देत. लुगडं भिजलं, खेकडा चावला, पण दांडा खाली बसलाय, मचव्याला पाणी पुष्कळ. उद्या परत बघेन, परवा परत, शनिवारी सकाळी परत.

माझ्या दारात थांबू नका. पाणी मी ठेवणार नाही, म्हणजे तुला नको म्हणावं लागणार नाही. शनिवारी घरात सगळे कपडे मी आत ओढून घेईन, ओलं असेल ते ओलंच राहू दे. मालनला सांगितलंय. कालची तिची पांढरी ओढणी तिने स्वतःच दोरीवरून काढली.

मचवा टोकाला वळला की इशरतला सांग, बुरुजाकडे बघ. मी तिथे उभी असेन, दुसरं काही नसेल. काळं लुगडं नेसून उभी राहीन.

बुरुज मोकळा आहे. या आत.

यमुना